ओटागोची रेल्वेवाट: वाफेच्या इंजिनाने आखलेला सायकलमार्ग

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्लाइड ते मिडलमार्च अशी १५२ किलोमीटरची एक खडीची वाट आहे. नाव ओटागो सेंट्रल रेल ट्रेल. १९९० पर्यंत इथून मालगाडी जात होती. फेब्रुवारी २००० मध्ये तीच वाट सायकलस्वार, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी अधिकृतपणे पूर्ण खुली झाली.

बंद पडलेल्या लोहमार्गाची सायकलवाट करणे यात आता नवल राहिलेले नाही. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये ते १९७०च्या दशकापासून चालू आहे, अमेरिकेत तर १९८३ पासून त्यासाठी कायद्यात तरतूद आहे. ओटागोचे प्रकरण अभ्यासण्यासारखे वाटते ते त्याच्या भूगोलामुळे. मुलूख पुरता डोंगराळ, पण ही वाट जवळपास सपाट. आणि तिला लागूनच, डोंगराच्या माथ्यावरून सरळसोट जाणारे, सोन्याच्या खाणींच्या काळातले कच्चे रस्ते अजून जिवंत आहेत. एकाच प्रदेशात शंभरेक वर्षे वापरलेल्या या दोन प्रकारच्या वाटा एकत्र पाहिल्या, तरच इथे ग्रॅव्हल सायकलिंग, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरचे सायकलिंग, का रुजले ते कळते. नुसत्या रेल्वेवाटेचे कौतुक करणारे अर्धेच सांगतात, आणि तिला ‘म्हाताऱ्यांची वाट’ म्हणून नाक मुरडणारे तेवढेही नाही.

पन्नासाला एक

सगळ्याचे मूळ एका आकड्यात आहे. या मार्गावर चढ कुठेही पन्नासाला एकपेक्षा जास्त नाही, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर जेमतेम एक मीटर वर. आपल्या बोरघाटात मुंबई-पुणे लोहमार्गाचा चढ सदतीसाला एक आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. ओटागोच्या विरळ वस्तीच्या, १०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजच्या मार्गावर असली चैन परवडणारी नव्हती. त्यामुळे आखणी करणाऱ्यांनी डोंगर चढायचे टाळले आणि ते नद्यांच्या कडेकडेने वळसे घालत गेले. आधी तायेरी नदीची घळ, मग स्ट्रॅथ तायेरीचे खोरे, मग मॅनिओटोटोचे उंच पठार, तिथून आयडा व्हॅली, पूलबर्नची घळ आणि शेवटी मॅनुहेरिकिया नदीचे खोरे.

सायकलवाट सुरू होते त्या क्लाइडची उंची समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्याही आत. सर्वोच्च जागा ६१८ मीटरवर, ओटुरेहुआ आणि वेडरबर्न या दोन गावांच्या मधे. पलीकडच्या टोकाला मिडलमार्च पुन्हा दोनशेच्या आसपास. म्हणजे पाऊणशे-ऐंशी किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटर चढायचे आणि तेवढ्याच अंतरात उतरायचे. चढ संपला कधी हे पायांना कळतही नाही. चॅटो क्रीकनंतर टायगर हिल नावाची चढण लागते, नावाने घाबरवते एवढेच. वाट डोंगराला मोठा वेढा घालून वर सरकते, आणि खाली मागे पडलेला रस्ता दिसतो तेव्हा कुठे लक्षात येते की आपण बरेच वर आलो.

सोने, ससे आणि जर्दाळू

१८६१ मध्ये गॅब्रिएल रीडला ओटागोत सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी क्लुथा नदीच्या काठी डनस्टनच्या परिसरातही सापडले. माणसांचा लोंढा सुटला. तेव्हा रेल्वे नव्हती. किनाऱ्यावरच्या डनेडिन शहराहून डनस्टनच्या खाणींकडे लोक पायी, घोड्यावर आणि बैलगाड्यांतून गेले, आणि त्यांनी जवळचा रस्ता धरला तो थेट डोंगरमाथ्यावरून. हाच ओल्ड डनस्टन रोड. लांबी कमी, पण हजार मीटरच्या आसपास उंची, झाड नाही, आडोसा नाही, आणि ऐन उन्हाळ्यातही हवा फिरली की बर्फ.

रेल्वे हवी म्हणून व्हिन्सेंट पाइक या स्थानिक खासदाराने अनेक वर्षे लावून धरले. डनेडिनजवळच्या विंगाटुइ इथे १८७९ मध्ये काम सुरू झाले. पुढची चाल मात्र मुंगीच्या पावलांनी: मिडलमार्चला रूळ पोहोचले १८९१ मध्ये, रॅनफर्लीला १८९८, ओमाकाऊला १९०४, क्लाइडला १९०७ आणि क्रॉमवेलला १९२१. मधे मंदी आली, निधी आटला, घळीतले पूल आणि बोगदे यांनी वेळ खाल्ला. गाडी येईपर्यंत सोन्याचा भर केव्हाच ओसरला होता. मग गाडीने वाहिले काय? मेंढ्या, लोकर, फळबागांतले जर्दाळू आणि निर्यातीसाठी मारलेले ससे. ज्या कारणासाठी रेल्वे मागितली ते संपून गेल्यावरही ती सत्तरेक वर्षे चालली, हे सार्वजनिक बांधकामाच्या बाबतीत तसे नेहमीचेच.

प्रवासी रेलकार, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेला डबा, १९७६ मध्ये थांबली. ट्रकने लांबच्या पल्ल्यावर माल नेण्यावर रेल्वेच्या रक्षणासाठी घातलेली अंतराची मर्यादा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उठली आणि मालही गेला. क्लाइडच्या धरणामुळे क्लाइड-क्रॉमवेल हा घळीतला तुकडा १९८० मध्ये बंद झाला, नंतर पाण्याखाली गेला. उरलेली रेल्वे त्याच धरणाचे सामान वाहण्यापुरती जगली. धरणाचे काम सरत आले तशी एप्रिल १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढची वाहतूक बंद झाली.

खरा निर्णय कुठला

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय सायकलशी संबंधित नव्हताच. तो जमिनीचा होता. रूळ उखडले गेल्यानंतर ही शंभर-दीडशे किलोमीटरची चिंचोळी पट्टी शेजारच्या शेतकऱ्यांना तुकड्यातुकड्याने विकून टाकणे सगळ्यात सोपे होते. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात बंद केलेल्या कित्येक मार्गांचे तेच झाले. एखादा भराव शेतात गेला, रुळांसाठी टेकडी कापून केलेल्या एखाद्या कटिंगमध्ये कचरा भरला, पूल भंगारात निघाला, आणि तीस वर्षांनी तिथे सायकलवाट करू पाहणाऱ्यांना प्रत्येक तुकड्यासाठी दारोदार फिरावे लागले. ओटागोत १९९३ मध्ये न्यूझीलंडच्या निसर्ग संवर्धन विभागाने ही पट्टी अखंड घेतली, पुलांसकट. पुढच्या वर्षी निधी उभारण्यासाठी स्थानिक न्यास स्थापन झाला. वाट तयार व्हायला आणखी सहा-सात वर्षे लागली, पण जागा एकाच हातात असल्यामुळे तो उशीर परवडला.

गावकरी आनंदाने नाचत होते असे नाही. मेंढपाळांचा विरोध बराच होता आणि तो पोकळ नव्हता. अनोळखी माणसे कुरणातून जाणार, फाटके उघडी टाकणार, कुत्री आणणार, कोरड्या गवतात कोणीतरी आग लावणार. शिवाय ज्यांची गाडी नुकतीच काढून घेतली त्यांना त्या जागी शहरी हौश्यांची सायकल दाखवणे म्हणजे जखमेवर मीठच. विरोध विरघळला तो भाषणांनी नाही. वाटेवरच्या पबमध्ये दुपारी गिऱ्हाईक येऊ लागले, बंद पडलेल्या शाळांत आणि रिकाम्या घरांत रात्रीच्या मुक्कामाला माणसे उतरू लागली, तेव्हा तो हळूहळू कमी झाला.

आणि इथेच तो पन्नासाला एक पुन्हा कामाला येतो. चढ नसल्यामुळे वाटेवर येणारा माणूस बहुधा पट्टीचा सायकलस्वार नसतो. साठीच्या मैत्रिणींचा गट असतो, शाळकरी मुलांसह कुटुंब असते, वर्षानुवर्षे सायकलला हात न लावलेला कोणी असतो. तयारीचा स्वार १५२ किलोमीटर एका दिवसात संपवील आणि जाताना पाण्याची बाटली भरून घेईल. ही मंडळी मात्र तीन ते पाच दिवस घेतात. दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबतात, चहा पितात, केक खातात, झोपतात. गावे मुळात एवढ्या अंतरावर का आहेत, तर पूर्वी स्थानके तशी होती म्हणून. वाफेच्या गाडीसाठी पडलेले हे टप्पे हौशी पायांना नेमके जुळले. कोणी नियोजन करून ते जुळवले नव्हते.

खडीचे काम

रूळ आणि स्लीपर काढल्यावर मागे राहते ती रेल्वेची खडी: मोठी, टोकदार, एकसारख्या आकाराची. रुळाखाली ती तशीच हवी, कारण पाणी झिरपून गेले पाहिजे आणि दगड एकमेकांत अडकून बसले पाहिजेत. सायकलला नेमके उलटे हवे असते. दगड लहान, आकार मिश्र, वर बारीक कच आणि थोडी चिकण, म्हणजे रोलर फिरवल्यावर पृष्ठभाग बांधला जातो. नुसत्या रेल्वेच्या खडीवर चाक घसरते आणि मनगटे दुखून येतात. म्हणून वरून बारीक खडीचा थर देणे हे या प्रकल्पातले सर्वात कंटाळवाणे आणि सर्वात महत्त्वाचे काम. हवामानाने साथ दिली हेही खरे. अलेक्झांड्राला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, न्यूझीलंडमधला तो सर्वात कोरडा पट्टा. बांधलेला थर वाहून जायला पाणीच कमी. हाच पृष्ठभाग कोकणात घातला तर पहिल्या पावसाळ्यात ओढ्यात जाईल.

दुसरे काम पुलांचे. मार्गावर लहानमोठे साठाहून जास्त पूल आहेत. रेल्वेचा पूल म्हणजे तुळयांवर स्लीपर आणि त्यांच्या फटींतून खाली दिसणारी नदी. त्यावर फळ्यांची जमीन आणि दोन्ही बाजूंना कठडा घातला, बाकी रचना राहू दिली.

लॉडर सोडल्यावर पूलबर्नच्या घळीत याचे सगळ्यात चांगले दर्शन होते. एका बाजूला कातळ, खाली नदी, आणि थोड्या अंतरात दोन बोगदे. शिस्ट नावाच्या थराथराच्या, चकचकीत अभ्रकाच्या दगडात ते खोदले आहेत. मुखाशी घडीव दगडांची कमान आहे. आत शिरल्यावर काही क्षणांत समोरचे चाक दिसेनासे होते. हेल्मेटवरचा मिणमिणता दिवा पुरत नाही, चांगला टॉर्च लागतो. खालच्या खडीचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो आणि समोरून कोणी येत असेल तर माणूस दिसण्याआधी तो आवाज येतो. बहुतेक जण उतरून चालतात आणि ते शहाणपणाचे आहे. बोगद्यांच्या पुढे पूलबर्नचा पूल: खाली ३७ मीटर पोकळी, घडीव शिस्टचे खांब, वर लोखंड. फळ्यांवरून चाक जाताना लाकडाचा एकसुरी टकटकाट होतो, तो कठड्याला धरून उभे राहिलेल्यालाही पायांत जाणवतो.

फाटकांचेही सांगायला हवे, कारण शेतकऱ्यांशी झालेला समझोता तिथे दिसतो. नियम एकच: जसे सापडले तसे सोडायचे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. मेंढ्यांचा कळप वाटेवर आला की घंटी वाजवत घुसायचे नाही, थांबायचे.

जिथे वाट कंटाळवाणी होते

सगळे १५२ किलोमीटर सारखेच रंजक आहेत असे मी म्हणणार नाही. वेडरबर्न ते रॅनफर्ली हा मॅनिओटोटोच्या पठारावरचा सरळ पट्टा आहे. समोर रॅनफर्ली दिसत राहते आणि जवळ येत नाही. वारा तोंडावर असेल तर सपाट जमिनीवरही माणूस कावतो. इथे घाम काढतो तो वाराच. वायव्येचा वारा सुटला की क्लाइडहून निघालेल्याला रॅनफर्लीनंतर तो पाठीवर मिळतो. दक्षिणेचा थंड वारा असेल तर हाइडच्या पुढे मिडलमार्चपर्यंत छातीवर झेलावा लागतो. म्हणून दिशा ठरवताना नकाशाआधी हवामानाचा अंदाज पाहावा. थंडीबद्दल तर बोलायलाच नको: वाटेपासून जवळच असलेल्या ओफिरला जुलै १९९५ मध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, उणे २१.६ अंश नोंदले गेले. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मराठी मंडळींकडे नाताळात जाणाऱ्यांना तो आपसूक जुळतो.

हाइडजवळ एक स्मारक आहे. ४ जून १९४३ रोजी इथल्या वळणावर भरधाव प्रवासी गाडी रुळावरून घसरली आणि २१ जण दगावले. आज सायकलवरून ते वळण वळण असल्याचेही जाणवत नाही.

डोंगरावरचे रस्ते

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. ग्रॅव्हल सायकल घेऊन येणारा तयारीचा स्वार रेल्वेवाटेवर दुसऱ्या दिवशी कंटाळतो. त्याला उतार हवा, धाप लागायला हवी, नकाशात डोके घालायला हवे. त्याच्यासाठी तीन जुने रस्ते आहेत आणि तिन्ही रेल्वेवाटेला येऊन मिळतात किंवा तिच्या जवळून जातात.

ओमाकाऊजवळच्या मटाकानुईहून डनस्टन पर्वत ओलांडून टॅरासकडे जाणारा थॉमसन गॉर्ज रोड हा पहिला. मेंढ्यांचा मुलूख, एकामागून एक फाटके, मधेमधे ओढ्याचे पाणी. कोरडा असताना उत्तम. पाऊस झाल्यावर तिथली चिकण टायर आणि फ्रेम यांच्यात भरते आणि सायकल उचलून न्यावी लागते. पलीकडच्या बेंडिगो भागात सोन्याच्या मोठ्या उघड्या खाणीचा प्रस्ताव आहे, तेव्हा जाण्यापूर्वी रस्त्याची स्थिती विचारून घ्यावी.

दुसरा नेझबीहून काइबर्नच्या जुन्या खाणींवरून डंट्रूनकडे उतरणारा डान्सीज पास, माथा ९३५ मीटर. रस्ता अरुंद, सुट्या खडीचा. वळणांवर खडी बाहेरच्या कडेला साचते आणि उतरताना चाक तिकडेच ओढले जाते. वाहनांच्या चाकांनी खडीवर पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. तिथे ४० मिलिमीटरचे टायरही कमी वाटते.

तिसरा ओल्ड डनस्टन रोड. माझे मत विचाराल तर ग्रॅव्हलसाठी या सगळ्या प्रदेशात याच्या तोडीचे दुसरे काही नाही. हिवाळ्यात तो फाटक लावून बंदच असतो.

रेल्वेवाट आणि हा रस्ता जोडून चांगला दोन दिवसांचा फेरा होतो. ओटुरेहुआहून आयडा व्हॅलीतून दक्षिणेला मोआ क्रीकपर्यंत जायचे, तिथून पूलबर्न जलाशयाकडे चढायचे. वर पोहोचल्यावर देखावा एकदम बदलतो. हिरवे काही उरत नाही, पिवळसर टसॉक गवत आणि त्यातून वर आलेले शिस्टचे सुळके. मग पेराऊ. सोने नेणाऱ्या पहारेकऱ्यांच्या मुक्कामाची ही जागा, तिथे जुन्या तुरुंगाची लहानशी इमारत अजून उभी आहे. पेराऊहून उत्तरेला पाटेरोआ आणि मग रॅनफर्ली. मोआ क्रीक सोडल्यावर पाटेरोआपर्यंत दुकान नाही, मोबाइलचा भरवसा नाही. अन्न, गरम कपडे आणि पंक्चरचे सामान सोबत हवे. पाणी ओढ्यांचे मिळते, पण मेंढ्यांच्या मुलखातले, तेव्हा गाळून किंवा उकळून. रॅनफर्लीला पोहोचलात की थकलेल्या पायांनी रेल्वेवाट पकडायची आणि वेडरबर्नवरून ओटुरेहुआला परत. आदल्या दिवशी ज्या सपाटीला नावे ठेवली तिची किंमत तेव्हा समजते. आणि हे डोंगरी रस्ते करता येतात ते रेल्वेवाटेमुळे खाली जेवण, पलंग, सायकल दुरुस्ती आणि सामान पोचवणारी गाडी टिकून आहे म्हणून. नुसत्या डनस्टन रोडच्या जोरावर ओटुरेहुआत एक खानावळही चालली नसती.

दोन्ही टोके

ओटागोचे यश पाहून न्यूझीलंड सरकारने २००९ मध्ये देशभर सायकलवाटांचे जाळे उभारायला घेतले, त्यासाठी ५ कोटी डॉलर ठेवले. क्लाइडच्या टोकाला त्याचा परिणाम दिसतो. धरणात बुडालेल्या क्लाइड-क्रॉमवेल रेल्वेची जागा २०२१ मध्ये लेक डनस्टन ट्रेलने घेतली. ती जलाशयाच्या काठाने, काही ठिकाणी कड्याला ठोकलेल्या अधांतरी फलाटांवरून जाते. पण ती रेल्वेची आखणी नव्हे, ती आता पाण्याखाली आहे. त्यामुळे इथे चढ खडे, वळणे अवघड, आणि मुख्य वाट आरामात केलेले लोक या तुकड्यावर हबकतात. बॅटरीच्या सायकलींनी हा फरक बराच कमी केला आहे, तरी बोचऱ्या वाऱ्यात कठड्याजवळ सायकल सांभाळणे बॅटरी शिकवत नाही.

मिडलमार्चच्या टोकाला उलटे घडले. डनेडिन ते मिडलमार्च हा तुकडा शहराच्या नगरपालिकेने १९९० नंतर राखला आणि तायेरीच्या घळीतून पर्यटकांची आगगाडी चालवली. गाडीने सायकलसह घळ पार करायची आणि तिथून पुढे पेडल मारायचे, यासारखी सुरुवात दुसरी नव्हती. २०२० मध्ये कोविडच्या काळात ती सेवा थांबवण्यात आली. नंतर काही सहली पुन्हा धावल्या, पण घळीच्या अलीकडच्याच भागात. मिडलमार्चहून परतायचे तर आता शटल व्हॅन धरावी लागते.

चार-पाच दिवस हाताशी असतील तर क्लाइडहून निघून मिडलमार्चला संपवा, व्हॅनची जागा आधी राखून. दोनच दिवस असतील तर टोकांचा नाद सोडा: ओमाकाऊ ते ओटुरेहुआ हा घळीचा तुकडा एका दिवशी, आणि पाय शिल्लक असतील तर दुसऱ्या दिवशी मोआ क्रीकवरून पूलबर्न जलाशयापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने खाली. टायर ४५ मिलिमीटरचे घ्या, हवा थोडी कमी ठेवा, आणि टॉर्च विसरू नका.